कर्मकांडाची चिकित्सा आणि पंगतीचा प्रश्न : आधुनिक शीख परंपरेचा एक अभ्यास

थेरीगाथेत पुण्णिका थेरीच्या गाथा आल्या आहेत. पुण्णिका ही पाणी भरणारी दासी होती. मालकिणीच्या शिक्षेच्या आणि बोलण्याच्या भीतीने कडाक्याच्या थंडीतही तिला नदीत उतरावे लागे. त्याच थंडीत कुडकुडत स्नान करणाऱ्या एका ब्राह्मणाला ती विचारते की, आपण कोणाच्या भीतीने पाण्यात उतरला आहात? पापमुक्तीसाठी, असे उत्तर मिळताच ती म्हणते की, पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक, कासवे, साप आणि सुसरी यांना स्वर्ग आधीच मिळाला पाहिजे. शिवाय ही नदी पापाबरोबर पुण्यही वाहून नेईल. यानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी काशीचा विणकर कबीर बेडकांचाच दाखला देऊन तीर्थस्नानाची तीच चिकित्सा करतो. त्याचे हे पद शिखांच्या आदिग्रंथात, आसा रागात, समाविष्ट आहे. एक दासी आणि एक विणकर यांच्या मुखी एकच युक्तिवाद यावा, हा आम्हांस केवळ योगायोग वाटत नाही. कर्मकांडाचा खर्च ज्यांच्या श्रमांतून भागविला जातो आणि त्याच कर्मकांडाच्या आधारे ज्यांना दूर बसविले जाते, त्यांनाच त्यातील विसंगती प्रथम दिसते.

आदिग्रंथासारखा कर्मकांडविरोधी ग्रंथ ज्या धर्माच्या केंद्रस्थानी आहे, त्या धर्मात कर्मकांड पुनःपुन्हा कसे शिरले, त्याची चिकित्सा कोणी केली आणि ती कोठे यशस्वी झाली व कोठे अडली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्याच्या जोडीला ध्यानसाधनेचा प्रश्न येतो. नामसिमरन या साधनेला आधुनिक काळात जी निरनिराळी रूपे प्राप्त झाली, त्यांवर शीख विचारवंतांनीच गंभीर आक्षेप घेतले आहेत. शीख समाजावर बाहेरून निवाडा देणे हा आमचा हेतू नाही. येथे मांडलेले बहुतेक प्रश्न त्या परंपरेने स्वतःलाच विचारलेले आहेत.

गुरूंची भूमिका

गुरू नानक (1469–1539) यांनी जानवे, तीर्थस्नान, श्राद्ध, मुहूर्त आणि सोवळेओवळे यांवर प्रखर टीका केली. त्यांच्या मते दोषाचे मूळ ‘हउमै’ म्हणजे अहंभावात आहे. विधी पूर्ण झाला की ‘मी केले’ ही भावना दृढ होते आणि मनुष्य होता तेथेच राहतो. पालि वाचकांस येथे ‘सीलब्बतपरामास’ या संज्ञेचे स्मरण होईल. दहा संयोजनांपैकी हे तिसरे संयोजन. शील किंवा व्रत यांचा निषेध त्यात नाही. आचाराला चिकटून राहिल्यानेच शुद्धी होते, या समजुतीचा निषेध आहे. दोन्ही परंपरांचे तत्त्वज्ञान भिन्न आहे. शीख धर्म एका अकाल पुरुषावर श्रद्धा ठेवतो आणि बुद्धधम्मात ईश्वराला स्थान नाही. हा भेद पुसून टाकण्याचे कारण नाही. परंतु आचाराविषयीच्या या एका प्रश्नापुरती दोहोंची तुलना उपयुक्त ठरते.

गुरूंनी टीकेपाशी न थांबता पर्यायी संस्था उभ्या केल्या. रावी नदीच्या काठी करतारपूर येथे नानकांनी स्वतः शेती केली. लंगरात सर्वांनी एका पंगतीस बसून जेवावे, ही प्रथा गुरू अमरदास यांच्या काळात अधिक दृढ झाली. गुरू अर्जन यांनी 1604 साली सिद्ध केलेल्या आदिग्रंथात गुरूंच्या वाणीसोबत कबीर, शेख फरीद आणि चर्मकार रविदास यांची वाणी घेतली. आपल्या महाराष्ट्रातील शिंपी समाजात जन्मलेल्या नामदेवांची सुमारे साठ पदेही त्यात आहेत. हीन जातीचा म्हणून देवळातून उठविले गेल्याची व्यथा त्यांपैकी एका पदात येते. गुरू गोविंदसिंह यांनी 1699 साली खालसा स्थापन केला, तेव्हा पुढे आलेल्या पाच प्यारांत एक खत्री, एक जाट, एक पाणक्या, एक छिंपी आणि एक न्हावी होता, असे परंपरा सांगते. त्यांनी एकाच पात्रातून अमृत घेतले. सहभोजन निषिद्ध असलेल्या समाजात ‘एकच पात्र’ ही गोष्ट कोणत्याही प्रवचनापेक्षा अधिक बोलकी होती. विधीचे उत्तर येथे दुसऱ्या विधीनेच दिले गेले. मात्र त्या दुसऱ्या विधीचा अर्थ समता हा होता.

असा अर्थ निसटला की उरलेले रूप पुन्हा कर्मकांड बनते. याचे उदाहरण गोइंदवालची बावडी होय. गुरू अमरदासांनी बांधविलेल्या या बावडीस 84 पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर जपुजीचा एक पाठ करून दर वेळी स्नान केल्यास चौऱ्यांशी लक्ष योनींच्या फेऱ्यातून सुटका होते, अशी श्रद्धा पुढे रूढ झाली. ज्या जपुजीत केवळ तीर्थस्नानाने काही साधत नाही असा आशय आहे, तीच जपुजी स्नानाचा मंत्र झाली.

महंत, सिंह सभा आणि गादीचा वाद

अठराव्या शतकात मोगल आणि अफगाण सत्तांच्या दमनामुळे खालसा पंथ रानोमाळ भटकत असता अनेक गुरुद्वारांची व्यवस्था उदासी व निर्मला साधूंकडे गेली. पुढे ही व्यवस्था वंशपरंपरागत झाली. इंग्रजी अमलात जमीन महसुलाच्या नोंदींत अनेक ठिकाणी महंतांची नावे मालक म्हणून लागली, आणि कालव्यांमुळे जमिनीचे मोल वाढताच महंत संगतीपासून अधिक स्वतंत्र झाले. गुरुद्वारांत मूर्ती आल्या, आणि दलित शिखांना दर्शनात व प्रसादात दुय्यम स्थान मिळू लागले. देवस्थानाचे उत्पन्न ज्याच्या हाती, त्याच्या हाती आचाराची व्याख्या, हा नियम येथेही दिसतो.

याविरुद्ध पहिले आवाज एकोणिसाव्या शतकात उठले. रावळपिंडीचे बाबा दयाल (1783–1855) यांनी मूर्तिपूजा आणि ब्राह्मणी संस्कार नाकारले. त्यांच्या निरंकारी पंथाने विवाहात अग्नीऐवजी ग्रंथाभोवती फेरे घेण्याची पद्धत रुजविली. नामधारी पंथाचे बाबा रामसिंह यांनीही साध्या विवाहाचा पुरस्कार केला. तथापि त्यांच्या पंथात अग्नी आणि हवन यांस स्थान राहिले. सुधारणेचे दोन प्रवाह एकाच प्रश्नावर दोन उत्तरे देत होते.

1873 साली अमृतसर येथे आणि 1879 साली लाहोर येथे सिंह सभा स्थापन झाली. या दोन सभांतील मतभेद आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. अमृतसर गटाचे पुढारी बाबा खेमसिंह बेदी हे नानकांचे वंशज. ग्रंथाच्या सान्निध्यात आपल्यासाठी गादी मांडली जावी, असा त्यांचा आग्रह होता. लाहोर गटाने त्यास विरोध केला. ग्रंथासमोर सारी संगत एका पातळीवर बसते, मग गुरुवंशाला उंच आसन कशासाठी, असा त्यांचा प्रश्न होता. वाद इतका विकोपास गेला की लाहोर गटाचे प्रोफेसर गुरमुखसिंह यांना 1887 साली अकाल तख्तावरून पंथबाह्य ठरविण्यात आले.

याच लाहोर गटात ज्ञानी दित्तसिंह (मृत्यू 1901) होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबात जन्मलेला हा विद्वान लाहोरच्या ओरिएंटल कॉलेजात पंजाबी शिकवीत असे आणि ‘खालसा अखबार’ चालवीत असे. ‘गुग्गा गपौडा’, ‘सुलतान पुआडा’ यांसारख्या पुस्तकांतून त्यांनी सर्पदेवता गुग्गा, सखी सर्वर पीर इत्यादींच्या नवससायासांची खिल्ली उडविली. पुण्णिका आणि कबीर यांच्या परंपरेतील हा तिसरा आवाज होय. 1898 साली भाई काहनसिंह नाभा यांचे ‘हम हिंदू नहीं’ हे पुस्तक आले. 1905 साली दरबार साहिबच्या परिक्रमेतील मूर्ती हटविण्यात आल्या. 1909 साली आनंद विवाह कायद्याने शीख विवाहपद्धतीस कायदेशीर मान्यता मिळाली.

मूर्ती गेल्या, विवाहविधी बदलला; परंतु प्रसाद कोणाच्या हातून घ्यावयाचा हा प्रश्न तसाच राहिला होता.

12 ऑक्टोबर 1920

अमृतसर येथे ‘खालसा बिरादरी’ ही संस्था तथाकथित खालच्या जातींतील शिखांसाठी काम करीत असे. ऑक्टोबर 1920 मध्ये जालियनवाला बागेत तिचा वार्षिक दिवाण भरला. तेथे मजहबी व अन्य दलित समाजांतील लोकांनी अमृत घेतले, आणि 12 ऑक्टोबर रोजी ही मंडळी कडाह प्रसाद घेऊन दरबार साहिबकडे निघाली. त्यांच्यासमवेत खालसा कॉलेजातील प्रा. तेजासिंह आणि बावा हरकिशनसिंह हेही होते. पुजाऱ्यांनी त्यांचा प्रसाद स्वीकारण्यास आणि त्यांच्या वतीने अरदास करण्यास नकार दिला. वाद वाढला. अखेर ग्रंथ उघडून जो ‘हुकम’ निघेल तो मानावा असे ठरले. ग्रंथ उघडला असता जे वचन निघाले, त्याचा आशय गुणहीनांनाही परमेश्वर स्वतः क्षमा करतो असा होता. पुजाऱ्यांना प्रसाद स्वीकारावा लागला. तेथून हा समुदाय अकाल तख्ताकडे वळताच तेथील पुजारी जागा सोडून निघून गेले. रिकाम्या तख्ताची व्यवस्था पाहण्यासाठी पंचवीस जणांचे पथक नेमण्यात आले. पुढच्याच महिन्यात, 15 नोव्हेंबर 1920 रोजी, अमृतसर येथे भरलेल्या पंथाच्या सभेतून शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती जन्मास आली.

या घटनेतील एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. ग्रंथ उघडून कौल घेणे हाही एक विधीच. विवेकवादी मनुष्य विचारील की, दुसरे वचन निघाले असते तर? प्रश्न रास्त आहे. परंतु आदिग्रंथाच्या संकलकांनी कोणत्या आवाजांना आत घेतले होते, हे पाहता अस्पृश्यतेच्या बाजूचा कौल त्या ग्रंथातून निघणे दुरापास्त होते. चिठ्ठी टाकली होती खरी, पण सर्व चिठ्ठ्यांवर जवळजवळ एकच नाव तीनशे वर्षांपूर्वी लिहिलेले होते.

त्यानंतरचा लढा रक्तरंजित ठरला. 20 फेब्रुवारी 1921 रोजी ननकाना येथे महंत नारायणदास याच्या मारेकऱ्यांनी निःशस्त्र अकाली जथ्याची कत्तल केली. अखेरीस 1925 साली शीख गुरुद्वारा कायदा झाला आणि गुरुद्वारांची सत्ता महंतांकडून निर्वाचित समितीकडे आली. या सत्तांतराचा आरंभ दलितांच्या हातातील प्रसादाच्या पात्राने झाला, हे शीख इतिहासकार नमूद करतात. मात्र सर्वसामान्य स्मृतीत त्याला तितके स्थान मिळालेले दिसत नाही.

रहित मर्यादा : नियम आणि व्यवहार

सत्ता हाती आल्यावर आचाराची संहिता तयार करणे क्रमप्राप्त होते. ‘सिख रहित मर्यादा’ या संहितेचे काम 1931 साली सुरू झाले. 1936 साली प्रबंधक समितीने तिला मान्यता दिली आणि 1945 साली तिला आजचे रूप प्राप्त झाले. ही संहिता वाचताना तिच्या कर्त्यांची चिकित्सक दृष्टी जाणवते. ग्रंथपाठाच्या वेळी कुंभ, तुपाचा दिवा, नारळ मांडणे तीत गुरमताविरुद्ध ठरविले आहे. दिवे ओवाळून व घंटा वाजवून आरती करणे, शकुन, मुहूर्त, श्राद्ध, मंत्रतंत्र यांचा निषेध आहे. कडाह प्रसाद वाटताना जातीचा किंवा स्पृश्यास्पृश्यतेचा विचार करू नये, विवाह जात न पाहता व्हावा, असे स्पष्ट नियम आहेत.

अखंड पाठाविषयीचा नियम विशेष मार्मिक आहे. 1430 पृष्ठांचा ग्रंथ सुमारे 48 तासांत न थांबता वाचून पूर्ण करणे म्हणजे अखंड पाठ. पाठ शक्यतो कुटुंबीयांनी आणि स्नेह्यांनी करावा; ज्याला वाचता येत नाही त्याने दुसऱ्याकडून ऐकावा; परंतु पाठक एकटाच वाचतो आहे आणि ऐकणारे कोणीच नाही, असे होऊ नये, असा या संहितेचा आशय आहे. प्रत्यक्षात काय घडते? विवाह, गृहप्रवेश, निवडणूक, परदेशगमन अशा निमित्तांनी पैसे भरून पाठ ‘ठेवला’ जातो. पाठक पाळीपाळीने वाचतात, यजमान भोग पडण्याच्या वेळी येतात, आणि मध्यरात्री अनेकदा सभागृह रिकामे असते. ग्रंथ समजून घेण्यासाठी वाचावयाचा, ही मूळ कल्पना. तो वाचून झाला म्हणजे फळ मिळते, ही आजची कल्पना. या दोहोंमधील अंतर हेच सीलब्बतपरामासाचे क्षेत्र होय.

नियमांतही तडजोडी राहिल्या. ग्रंथाच्या शेवटी येणारी रागमाला वाचावी की न वाचावी, हे संहितेने स्थानिक रीतीवर सोडले. आपल्या नांदेडच्या तख्त हजूर साहिबात, जेथे 1708 साली गुरू गोविंदसिंहांचे निधन झाले, आजही दिव्यांची आरती होते आणि रोज गोदावरीचे पाणी समारंभाने आणले जाते. हे तख्त अमृतसरच्या समितीच्या अखत्यारीत नाही. आपली रीत अधिक जुनी आहे, असे तेथील मंडळींचे म्हणणे. तर ती महंतकाळाची छाया आहे, असे सुधारकांचे. एकाच धर्माच्या पाच तख्तांपैकी एका तख्तावर संहितेने निषिद्ध मानलेला विधी नित्य चालतो, यावरून लिखित नियमाची शक्ती किती याची कल्पना येते.

चिकित्सेचे दुसरे टोकही पाहिले पाहिजे. भसौडचे बाबू तेजासिंह (1867–1933) आणि त्यांचा पंच खालसा दीवान यांनी शुद्धीकरणाचा आग्रह इतका ताणला की, ग्रंथातील भक्तांची वाणीच वगळावी अशी मागणी केली. म्हणजे कबीर, फरीद, रविदास आणि नामदेव हे सारे बाहेर. 1928 साली अकाल तख्ताने त्यांना बहिष्कृत केले. बहिष्काराचे हत्यार आम्हांस मान्य नाही. परंतु या प्रकरणाने एक गोष्ट सिद्ध केली. शुद्धतेचा ध्यास हा समतेचा ध्यास असतोच असे नाही. जी चिकित्सा विणकर, शिंपी आणि चर्मकार यांनाच ग्रंथाबाहेर काढू पाहते, ती कर्मकांडाविरुद्ध बोलत असली तरी सोवळ्याचीच भाषा बोलत असते.

नामसिमरन : जीवनरीती की तंत्र?

‘सिमरन’ आणि पालि ‘सति’ या दोन्ही शब्दांचे मूळ ‘स्मृ’ या धातूत आहे. धातू एक असला तरी साधना एक नाही. सतिपट्ठानात काया, वेदना, चित्त आणि धम्म यांचे अवधानपूर्वक अवलोकन अभिप्रेत आहे, तर सिमरनात नामाचे, म्हणजे परमेश्वराच्या अस्तित्वाचे, अखंड स्मरण. परंतु दोन्हींना एकच धोका संभवतो, आणि तो म्हणजे साधनेचे तंत्रात रूपांतर होणे.

गुरू नानकांसमोर नाथपंथी योगी होते. ‘सिद्ध गोष्टि’ या रचनेत त्यांच्याशी झालेला संवाद आहे. योग्यांची अनहद नाद, दशम द्वार, सहज ही परिभाषा नानकांनी स्वीकारली, पण तिचा अर्थ बदलला. कानातील मुद्रा, अंगावरचे भस्म आणि हातातील दंड यांच्या जागी संतोष, ध्यान आणि विश्वास यांसारखे गुण त्यांनी ठेवले. घर सोडून डोंगरावर जाणारा आणि पुन्हा गृहस्थाच्याच दारी भिक्षा मागणारा योगी त्यांना मान्य नव्हता. श्रम करून मिळविणे, वाटून खाणे आणि नाम स्मरणे, या तीन गोष्टी त्यांच्या शिकवणीत एकत्र गुंफलेल्या आहेत. रहित मर्यादेनेही हीच चौकट ठेवली आहे. पहाटे उठून ‘वाहेगुरू’ नामाचे स्मरण करावे, नित्य वाणी वाचावी, गुरमताप्रमाणे राहावे आणि सेवा करावी, एवढेच ती सांगते. श्वासाच्या प्रक्रिया किंवा शरीरातील चक्रे यांचा तीत उल्लेख नाही.

आधुनिक काळात ही गुंफण सैल झाली. 1891 साली बियासच्या काठी निवृत्त सैनिक जैमलसिंह यांनी राधास्वामी परंपरेचा डेरा वसविला. तेथे सुरत-शब्द योगाची दीक्षा देहधारी गुरू देतो. जगराँवजवळील नानकसर परंपरेत ग्रंथाची सेवा सजीव व्यक्तीप्रमाणे करण्यावर भर आला. भाई रणधीरसिंह (1878–1961) हे लाहोर कटाच्या खटल्यात 1915 पासून सुमारे पंधरा वर्षे तुरुंगात होते. त्यांच्या प्रेरणेने चाललेल्या अखंड कीर्तनी जथ्यात श्वासोच्छ्वासासह उच्चस्वराने सिमरन होते आणि लोखंडी भांड्यांतील आहाराचा कडक नियम पाळला जातो. या सर्वांत प्रामाणिक साधक आहेत, यात शंका नाही. परंतु ‘ही पद्धत आदिग्रंथात कोठे आहे?’ हा प्रश्न शीख अभ्यासक वारंवार विचारीत आले आहेत.

सर्वांत तीव्र वाद अमेरिकेत उद्भवला. हरभजनसिंह योगी (1929–2004) यांनी 1969 साली लॉस एंजेलिस येथे संस्था स्थापून कुंडलिनी योग आणि शीख धर्म यांचे मिश्रण शिकविण्यास प्रारंभ केला. शुभ्र पगड्या बांधणारे अनेक अमेरिकन अनुयायी त्यांना मिळाले. इतिहासकार त्रिलोचनसिंह यांनी 1977 साली स्वतंत्र पुस्तक लिहून हा तांत्रिक योग शीख शिकवणीच्या विरुद्ध असल्याचे प्रतिपादन केले. नानकांनी ज्या योगमार्गाशी वाद घातला तोच त्यांच्या नावाने विकला जात आहे, असा या टीकेचा रोख होता. 2020 साली त्याच परिवारातील संस्थांनी नेमलेल्या त्रयस्थ चौकशीत, योगींवरील लैंगिक शोषणाचे आरोप खरे असण्याची शक्यता अधिक, असा निष्कर्ष निघाला. साधनेची किल्ली एका व्यक्तीच्या हाती गेली आणि प्रश्न विचारणारी संगत उरली नाही, म्हणजे काय होते, याचे हे दुःखद उदाहरण आहे. गुरू गोविंदसिंहांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून ग्रंथ आणि पंथ यांकडे अधिकार सोपविला, त्यामागील दूरदृष्टी येथे कळते.

पंगत कोठे तुटली?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नियम झाले, कायदा झाला, समिती निर्वाचित झाली; तरी जात गेली का? 2011 च्या जनगणनेनुसार पंजाबात अनुसूचित जातींचे प्रमाण जवळजवळ 32 टक्के आहे, आणि हे प्रमाण सर्व राज्यांत अधिक आहे. जमिनीची मालकी मात्र मुख्यत्वे जाट समाजाकडे आहे. अनेक गावांत जातवार गुरुद्वारे आणि जातवार स्मशाने आहेत. जात पाहू नये असे संहिता सांगत असता विवाहविषयक जाहिरातींत जाट, खत्री, रामगढिया, रामदासिया अशी वर्गवारी सर्रास आढळते.

जालंधरजवळील तल्हण या गावी 2003 साली झालेला संघर्ष या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. तेथे बाबा निहालसिंह यांच्या समाधिस्थळी मोठे उत्पन्न येते. परदेशचा व्हिसा मिळावा म्हणून भाविक तेथे खेळण्यातील विमाने अर्पण करतात. गावात बहुसंख्य असलेल्या दलितांनी व्यवस्थापन समितीत स्थान मागितले, तेव्हा सामाजिक बहिष्कार आणि दंगल यांना तोंड द्यावे लागले. प्रदीर्घ झगड्यानंतर समितीत दलित प्रतिनिधी घेण्याचे मान्य झाले. नवसाची विमाने आणि समितीतून वगळलेले दलित ही एकाच ठिकाणची दोन दृश्ये आहेत. नवसामुळे उत्पन्न, उत्पन्नामुळे सत्ता, आणि सत्ता टिकविण्यासाठी जात, अशी ही साखळी आहे. विमानांवर हसणे सोपे आहे. साखळीच्या दुसऱ्या टोकाला हात घालणे कठीण.

24 मे 2009 रोजी व्हिएन्ना येथील रविदास मंदिरात डेरा सचखंड बल्लाँच्या संत रामानंद यांच्यावर हल्ला होऊन त्यांचे निधन झाले. ग्रंथाच्या उपस्थितीत डेऱ्याच्या संतांना दिला जाणारा मान हे वादाचे एक कारण होते. त्यानंतर 30 जानेवारी 2010 रोजी वाराणसी येथे डेऱ्याने स्वतंत्र रविदासिया धर्माची आणि केवळ रविदासांच्या वाणीच्या ‘अमृतबाणी’ ग्रंथाची घोषणा केली. भसौडच्या मंडळींना रविदास ग्रंथाबाहेर हवे होते. येथे रविदासांचे अनुयायी स्वतःच त्यांची वाणी घेऊन बाहेर पडले. गुरू अर्जनांनी 1604 साली एका ग्रंथात जे जोडले, ते पंगत तुटल्यामुळे विलग झाले.

समारोप

13 ऑक्टोबर 1935 रोजी येवले येथे धर्मांतराची घोषणा केल्यानंतर बाबासाहेब आंबेडकर एप्रिल 1936 मध्ये अमृतसरच्या शीख परिषदेस उपस्थित राहिले होते. त्याच वर्षी त्यांनी शीख धर्माच्या अभ्यासासाठी काही तरुणांना तेथे पाठविले. रहित मर्यादेस प्रथम मान्यता मिळाली तेही हेच वर्ष. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि 1936 साली स्वतः प्रसिद्ध केलेल्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात बाबासाहेबांनी एक सूक्ष्म भेद दाखविला आहे. हिंदूंव्यतिरिक्त इतरांतही जाती आहेत, परंतु त्यांच्या धर्माने जातीला पवित्र कर्तव्य मानलेले नाही, असा त्याचा आशय आहे. शीख इतिहास या विधानाची दोन्ही अंगे स्पष्ट करतो. धर्मग्रंथाचा आधार नसल्यामुळे 1920 साली अस्पृश्यतेचे समर्थक पुजारी निरुत्तर झाले, हे एक अंग. ग्रंथाचा आधार नसतानाही जात जमिनीच्या मालकीत, विवाहात आणि देवस्थानाच्या समितीत तग धरून राहिली, हे दुसरे.

यावरून आम्ही असे म्हणू की, कर्मकांडाची चिकित्सा आणि जातीची चिकित्सा ही दोन कामे वेगळी काढली की दोन्ही अपुरी राहतात. शीख सुधारणेचा सर्वांत मोठा विजय ज्या दिवशी झाला, त्या दिवशी दिवा लावावा की न लावावा हा प्रश्न नव्हता. प्रसाद कोणाच्या हातचा, हा होता. पुढे प्रश्न निषिद्ध वस्तूंच्या यादीपुरता उरला आणि यादीतील वस्तू एकेक करून परत आल्या. साधनेचेही तसेच झाले. श्रम, सहभोजन आणि सेवा यांच्यापासून सुटलेले सिमरन कोणाच्याही हाती जाऊ शकते.

हा इतिहास आपल्या वाचकांस परका वाटू नये. आपल्या विहारांतही आता मेणबत्त्या आणि अगरबत्त्या आहेत, परित्राणपाठ आहेत, ध्यानशिबिरे आहेत. त्यांचा निषेध करण्याचे कारण नाही. परंतु पाठ चालू असता तो समजून ऐकणारे किती, आणि विहाराच्या समितीत, स्वयंपाकघरात व विवाहसंबंधांत पोटजातीचा विचार कोठवर शिल्लक आहे, हे दोन प्रश्न आपण एकत्रच विचारले पाहिजेत. पंजाबातील चांगल्या माणसांनी ते शंभर वर्षांपूर्वी विचारले होते. त्यांचे पुरते उत्तर अद्याप तेथे मिळालेले नाही, आणि येथेही मिळालेले नाही.